आंत्वान गालाँ

आंत्वान गालाँ (जन्म : ४ एप्रिल, १६४६, रोलो, पिकार्डी, फ्रान्स, मृत्यू : १७ फेब्रुवारी, १७१५, पॅरिस) हे फ्रेंच प्राच्यविद्यापंडित, नाणेशास्त्रज्ञ आणि अरबी, तुर्की व फारसी ग्रंथांचे भाषांतरकार होते. ‘अल्फ लैला व लैला’ म्हणजेच ‘एक हजार एक रात्री’ या अरबी कथासंग्रहाचे युरोपीय भाषेतील पहिले भाषांतर त्यांनी केले. ‘ले मिल ए युन न्वी’ या नावाने ते १७०४ ते १७१७ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झाले. आज जगभर ‘अरेबियन नाइट्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साहित्याचा पाया या बारा खंडांनी घातला.

या संग्रहातील सर्वाधिक लोकप्रिय कथा, म्हणजे अल्लाउद्दीन व जादूचा दिवा आणि अलीबाबा व चाळीस चोर, गालाँ यांच्याजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्या. अलेप्पो येथील हन्ना दियाब या तरुणाकडून त्यांना त्या १७०९ मध्ये पॅरिसमध्ये मिळाल्या. छापील ग्रंथात दियाबचा उल्लेख कोठेही नाही. मात्र गालाँ यांच्या खासगी रोजनिशीत तो तारखांसह आहे. या कथांचा कर्ता कोण, या प्रश्नाचा उलगडा पुढे त्याच नोंदींवरून होऊ शकला.

बालपण व शिक्षण

गालाँ यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतातील रोलो या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. ते आईवडिलांचे सातवे अपत्य होते. ते चार वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि आईने मोलमजुरी करून मुलांना वाढवले. मुलाची बुद्धी पाहून नुआयों येथील कॉलेजचे प्राचार्य व तेथील प्रधान चर्चमधील एका धर्माधिकाऱ्याने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. तेथे गालाँ लॅटिन व ग्रीक शिकले आणि हिब्रूचीही त्यांना तोंडओळख झाली.

त्यांच्या किशोरवयातच हे आश्रयदाते निवर्तले आणि शिक्षण थांबले. घरच्यांनी त्यांना एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. सुमारे वर्षभरानंतर ते काम सोडून गालाँ पॅरिसला निघून गेले. तेथे त्यांना प्लेसी कॉलेजात प्रवेश मिळाला. पुढे शाही महाविद्यालयात त्यांनी पौर्वात्य भाषांचा अभ्यास सुरू केला आणि सोरबॉन येथील पौर्वात्य हस्तलिखितांची सूची तयार करण्याच्या कामातही भाग घेतला. हस्तलिखित हाती घेऊन त्याचे वर्णन लिहिण्याची ही सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडली. घराण्याचे पाठबळ किंवा संपत्ती नसल्यामुळे त्यांना पुढेही एकामागून एका आश्रयदात्याच्या पदरी राहूनच काम करावे लागले.

पूर्वेकडील प्रवास

इ.स. १६७० मध्ये फ्रान्सचे राजदूत मार्की द न्वांतेल उस्मानी साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथे रवाना झाले. त्यांच्या सोबत्यांत गालाँ यांची निवड झाली. त्या वेळी फ्रान्समध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट पंडितांमध्ये ख्रिस्तप्रसादाच्या विधीतील भाकरी व द्राक्षरस यांच्या स्वरूपाविषयी मोठा वाद चालू होता. या बाबतीत पूर्वेकडील चर्चची श्रद्धा काय आहे, याची लेखी प्रमाणपत्रे गोळा करण्याच्या कामी गालाँ यांचे ग्रीक भाषेचे ज्ञान उपयोगी पडणार होते.

कॉन्स्टँटिनोपलमधील वास्तव्यात त्यांनी तुर्की, अरबी, फारसी व बोलीभाषेतील ग्रीक या भाषा आत्मसात केल्या. १६७२ व १६७३ या वर्षांची त्यांची रोजनिशी उपलब्ध असून ती शार्ल शेफेर यांनी १८८१ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. पुस्तकांच्या बाजारातील फेऱ्या, हस्तलिखितांच्या किमती, सुलतानाच्या मिरवणुका, राजदूताच्या घरचे व्यवहार यांच्या बारीकसारीक नोंदी तिच्यात आहेत. १६७३ मध्ये त्यांनी न्वांतेल यांच्यासोबत सीरिया व पॅलेस्टाइनचा प्रवास केला आणि अनेक शिलालेखांच्या नकला उतरवून घेतल्या.

फ्रान्सला परतल्यावर त्यांनी आणलेल्या जुन्या नाण्यांकडे संग्राहकांचे लक्ष गेले आणि नाणी मिळवण्यासाठी त्यांना पुन्हा पूर्वेकडे पाठवण्यात आले. १६७९ मध्ये सुरू झालेला तिसरा प्रवास सर्वांत दीर्घ ठरला. प्रारंभी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने, मंत्री कोल्बेर यांच्या संग्रहासाठी नाणी व हस्तलिखिते जमवण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे शासनाने ते चालू ठेवले आणि त्यांना ‘राजाचे पुराणवस्तुतज्ज्ञ’ ही पदवी मिळाली. याच काळात कॉन्स्टँटिनोपलमधील फ्रेंच राजदूत गियराग यांच्या कुटुंबाशी त्यांचा स्नेह जडला.

जुलै १६८८ मध्ये स्मर्ना (आजचे इझमिर) या बंदराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. गालाँ त्या वेळी तेथेच होते. राहते घर कोसळून ते ढिगाऱ्याखाली गाडले गेले. परंतु त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते फ्रान्सला परतले आणि त्यानंतर पुन्हा पूर्वेकडे गेले नाहीत.

ग्रंथालयांतील वर्षे

परतल्यानंतर गालाँ यांनी प्रथम शाही ग्रंथालयाचे प्रमुख मेल्कीसेदेक तेव्हनो यांच्याबरोबर काम केले. १६९२ मध्ये तेव्हनो यांचे निधन झाल्यावर ते बार्तेलेमी देर्बलो यांना साहाय्य करू लागले. देर्बलो त्या काळी ‘बिब्लिओतेक ओरिएंताल’ हा इस्लामी जगाविषयीचा कोश रचत होते. तुर्की विद्वान हाजी खलीफा (कातिप चेलेबी) यांच्या ‘कश्फ अल-झुनून’ या विशाल ग्रंथसूचीचा या कोशाला मोठा आधार होता. देर्बलो डिसेंबर १६९५ मध्ये वारले. गालाँ यांनी कोशाचे उरलेले काम पूर्ण करून, स्वतःची प्रस्तावना जोडून १६९७ मध्ये तो प्रकाशित केला. युरोपातील प्राच्यविद्येचा हा दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेलेला संदर्भग्रंथ आहे.

दरम्यान १६९४ मध्ये पौर्वात्यांची मार्मिक वचने, विनोद आणि सुभाषिते यांचा गालाँ यांनी केलेला संग्रह प्रसिद्ध झाला होता. अरबी, फारसी व तुर्की ग्रंथांतून वेचलेल्या या मजकुरातून सामान्य फ्रेंच वाचकासाठी लिहिण्याची त्यांची हातोटी दिसून येते.

१६९७ मध्ये नॉर्मंडीतील काँ या शहरी राज्यपालासमान अधिकारपदावर असलेल्या निकोला-जोझेफ फूको यांनी आपल्या नाणेसंग्रहाची व ग्रंथालयाची व्यवस्था गालाँ यांच्याकडे सोपवली. १७०६ पर्यंतची वर्षे त्यांनी मुख्यतः तेथेच काढली. १७०१ मध्ये शिलालेख व पदके यांच्या अभ्यासासाठी असलेल्या शाही अकादमीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. समकालीन विद्वानांमध्ये त्यांची प्रतिष्ठा प्रामुख्याने नाणेशास्त्रज्ञ म्हणून होती.

कॉफीविषयीची पुस्तिका

काँ येथे १६९९ मध्ये गालाँ यांची कॉफीचा उगम व प्रसार या विषयावरील छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. शाही ग्रंथालयातील एका अरबी हस्तलिखितावर ती आधारलेली आहे. सोळाव्या शतकातील लेखक अब्द अल-कादिर अल-जझीरी याने कॉफी पिणे धर्मसंमत आहे, हे सिद्ध करण्यासाठी तो अरबी ग्रंथ लिहिला होता.

येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेत जागे राहण्यासाठी हे पेय कसे घेऊ लागले, एडनच्या मुफ्तीने त्याला कशी मान्यता दिली आणि तेथून ते मक्का व कैरो येथे कसे पोहोचले, याची हकीकत अल-जझीरीने सांगितली आहे. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने धर्मशास्त्री व वैद्य यांची सभा भरवून कॉफीवर बंदी घातली. कैरोहून आलेल्या आदेशामुळे ही बंदी फार काळ टिकली नाही. कॉफीच्या निमित्ताने लोक एकत्र जमतात, गप्पा मारतात आणि राज्यकारभारावर बोलतात, ही विरोधामागची खरी धास्ती होती, हेही या वृत्तांतातून लक्षात येते.

पॅरिसमध्ये त्या काळी कॉफीगृहे नव्यानेच रुजत होती. पुढे प्रसिद्धीस आलेले प्रोकोप हे कॉफीगृह १६८६ मध्ये सुरू झाले होते. अशा वेळी, फ्रेंच वाचक ज्या पेयाकडे केवळ एक नवी चैन म्हणून पाहत होता, त्याला अरबी जगात वादविवाद, न्यायनिवाडे व लिखित वाङ्मय यांची मोठी परंपरा आहे, हे गालाँ यांनी दाखवून दिले. खाद्यपेयांच्या इतिहासाच्या अभ्यासात या पुस्तिकेला आजही स्थान आहे.

‘एक हजार एक रात्री’चे भाषांतर

सिंदबादच्या सफरींचे एक अरबी हस्तलिखित गालाँ यांच्या हाती आले होते आणि त्याचे भाषांतरही त्यांनी केले होते. ते छापण्याच्या तयारीत असताना, अशा कथा ‘एक हजार एक रात्री’ नावाच्या एका मोठ्या संग्रहात आहेत, असे त्यांना समजले. त्यांनी छपाई थांबवली आणि सीरियातून त्या संग्रहाचे हस्तलिखित मागवले. १७०१ मध्ये ते तीन भागांत त्यांच्याकडे आले. चौदाव्या किंवा पंधराव्या शतकातील हे सीरियन हस्तलिखित आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. या संग्रहाचे इतके जुने व विस्तृत दुसरे हस्तलिखित ज्ञात नाही. त्यात एक हजार एक नव्हे, तर २८२ रात्री आहेत. सिंदबादच्या कथा त्यात नाहीत. त्या गालाँ यांनीच आपल्या भाषांतरात समाविष्ट केल्या.

दिवसभर फूको यांच्या संग्रहाचे व अकादमीसाठीचे काम करून गालाँ संध्याकाळी विरंगुळा म्हणून हे भाषांतर करीत. १७०४ मध्ये पहिले खंड पॅरिस येथे बार्बँ यांच्या विधवा पत्नीच्या प्रकाशनसंस्थेकडून बाहेर पडले. ते मार्कीझ दो यांना अर्पण केलेले आहेत. या बाई राजदूत गियराग यांच्या कन्या होत. गालाँ त्यांना कॉन्स्टँटिनोपलपासून ओळखत असत.

पुस्तकाला तत्काळ लोकप्रियता लाभली. पॅरिसमधील काही तरुण रात्री-अपरात्री गालाँ यांच्या खिडकीखाली येऊन, शहरजादची बहीण तिला ज्या शब्दांत कथा सांगण्याची विनंती करते त्याच शब्दांत त्यांना हाका मारीत, अशी आख्यायिका आहे. प्रत्येक रात्रीच्या आरंभी येणारी ती ठरावीक विनंती पुढील खंडांत गालाँ यांनी गाळून टाकली. काही वर्षांतच या खंडांवरून इंग्रजी भाषांतर निघाले आणि नंतर इतर युरोपीय भाषांतही ते झाले.

गालाँ यांना स्वतःला मात्र या यशाचे फारसे अप्रूप नव्हते. नाणी, शिलालेख व कोश यांवर केलेल्या कष्टाच्या कामापेक्षा फावल्या वेळातील या हलक्या लेखनाने आपल्याला अधिक नाव मिळवून दिले, याविषयीची काहीशी खंत त्यांनी डच विद्वान गिस्बर्ट कूपर यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आहे.

१७०६ मध्ये सातवा खंड निघाला, तोपर्यंत हस्तलिखितातील कथा संपत आल्या होत्या. वाचकांची मागणी मात्र वाढतच होती. १७०९ मध्ये प्रकाशकाने आठवा खंड काढला. त्यात दुसरे प्राच्यविद्यापंडित पेती द ला क्र्वा यांनी तुर्कीवरून केलेल्या दोन कथा गालाँ यांच्या संमतीविना घातल्या होत्या. गालाँ यांना याचा संताप आला. त्या कथा ‘एक हजार एक रात्री’मधील नाहीत, असे त्यांनी वाचकांना कळवले आणि पुढील खंड दुसऱ्या प्रकाशकाकडे दिले.

भाषांतराची पद्धत

गालाँ यांचे भाषांतर शब्दशः नाही. मूळ अरबी कथांत जागोजागी येणाऱ्या कविता त्यांनी बहुतांशी वगळल्या, शृंगारिक प्रसंग सौम्य केले आणि पात्रांच्या तोंडी फ्रेंच दरबाराला शोभेल अशी भाषा घातली. परक्या चालीरीतींचा खुलासा तळटीपेत न करता तो कथेच्या ओघातच मिसळून देण्याची त्यांची रीत होती. परदेशी ग्रंथाला फ्रेंच अभिरुचीचा पोशाख चढवणे, हा त्या शतकातील फ्रेंच भाषांतराचा सर्वमान्य संकेत होता. दुसरीकडे, त्यांनी पूर्वेकडे सुमारे पंधरा वर्षे काढलेली असल्यामुळे बाजार, हमाम, वस्त्रे व भोजन यांची त्यांची वर्णने केवळ कल्पनेवर उभी नाहीत.

या पद्धतीचे उत्तम उदाहरण खाद्यपदार्थांत मिळते. बद्रुद्दीन हसनच्या कथेत नायक डाळिंबाच्या दाण्यांचा एक गोड पदार्थ करतो. त्याच्या चवीवरून त्याची आई आपल्या हरवलेल्या मुलाला ओळखते. कारण ती कृती तिनेच त्याला शिकवलेली असते. पुढे त्या पदार्थात मिरी कमी पडल्याचा खोटा आरोप ठेवून त्याला पकडून आणले जाते. गालाँ यांनी डाळिंबाच्या जागी फ्रेंच वाचकाच्या ओळखीचा मलईचा टार्ट घातला. मिरीचा आरोप मात्र तसाच ठेवला. परिणामी टार्टमध्ये मिरी का घालायची, हे कोडे अनेक पिढ्यांच्या युरोपीय वाचकांना पडत राहिले आणि मिरीविना टार्ट हा उल्लेख इंग्रजी साहित्यात थट्टेचा विषय झाला. याउलट, लसूण घातलेला पदार्थ खाऊन हात न धुता वधूजवळ गेल्यामुळे अंगठे गमावणाऱ्या तरुणाची कथा त्यांनी लसणासकट कायम ठेवली.

एकोणिसाव्या शतकातील काही भाषांतरकारांनी गालाँ यांच्यावर मुळाशी इमान न राखल्याची टीका केली. आधुनिक अभ्यासक त्यांच्या ग्रंथाकडे भाषांतर व स्वतंत्र रचना यांच्या सीमेवरील कृती म्हणून पाहतात.

हन्ना दियाब यांच्याशी भेट

मार्च १७०९ मध्ये प्रवासी पोल ल्यूका यांच्या बिऱ्हाडी गालाँ यांची हन्ना दियाब याच्याशी ओळख झाली. दियाब हा अलेप्पोचा सुमारे विशीतील मॅरोनाइट ख्रिस्ती तरुण होता. त्याला अरबीखेरीज फ्रेंच व इतर काही भाषा अवगत होत्या. ल्यूका यांनी त्याला दुभाषा म्हणून सोबत घेतले होते आणि पॅरिसच्या शाही ग्रंथालयात जागा मिळवून देण्याचे आश्वासन दिले होते.

हा तरुण उत्तम गोष्टी सांगतो, हे गालाँ यांच्या लगेच ध्यानात आले. मे १७०९ पासून त्यांच्या रोजनिशीत दियाबने सांगितलेल्या कथांचे सारांश दिसतात. दिव्याची कथा, म्हणजे अल्लाउद्दीन, दियाबने लिहूनच दिली होती; इतर बहुतेक कथा त्याने तोंडी सांगितल्या. अलीबाबाची कथा या रोजनिशीत अलीबाबाच्या नावाने नव्हे, तर चोरांचा नायनाट करणाऱ्या मॉर्जिआना या दासीच्या चातुर्याची कथा म्हणून नोंदलेली आहे. दियाबने एकंदर सुमारे सोळा कथा सांगितल्या. त्यांपैकी दहा कथा विस्तारून गालाँ यांनी नवव्या ते बाराव्या खंडांत घातल्या. राजपुत्र अहमद व परीबानू, आबनुसी घोडा, बगदादचा व्यापारी अली ख्वाजा आणि धाकट्या बहिणीचा मत्सर करणाऱ्या दोघी बहिणी या त्यांतील आणखी काही प्रसिद्ध कथा होत.

या कथा जुन्या हस्तलिखितातील नाहीत, हे छापील खंडांत सांगितलेले नाही. त्याही शहरजादच्याच मुखातून आल्या आहेत, असे वाचकाला वाटते. आठव्या खंडातील परक्या कथांवर आक्षेप घेणाऱ्या गालाँ यांनी स्वतःच्या खंडांत अशा कथा मूक राहून घातल्या, ही विसंगती अभ्यासकांनी दाखवली आहे. तथापि, लोकांपुढे जे त्यांनी सांगितले नाही, ते रोजनिशीत त्यांनी काहीही न लपवता नोंदवून ठेवले. प्रत्येक कथा कोणी व कोणत्या दिवशी सांगितली, हे त्यावरूनच समजते.

दियाबला ग्रंथालयातील जागा मिळाली नाही. त्याच वर्षी त्याने पॅरिस सोडले आणि पुढे तो अलेप्पोला परतून कापडाचा व्यापारी झाला. ल्यूका यांनी नंतर प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनातही त्याचे नाव आलेले नाही.

अखेरची वर्षे व मृत्यू

दियाबची भेट झाली त्याच वर्षी, म्हणजे १७०९ मध्ये, गालाँ यांची शाही महाविद्यालयात अरबीच्या अध्यासनावर नियुक्ती झाली. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षांचे होते. अध्यापन, अकादमीच्या बैठका आणि भाषांतर असा त्यांचा दिनक्रम मृत्यूपर्यंत चालू राहिला. १७०८ ते १७१५ या काळातील त्यांच्या पॅरिसमधील रोजनिशीत हा दिनक्रम तपशीलवार आढळतो. अल्लाउद्दीनच्या कथेचे काम त्यांनी १७१० च्या अखेरीस हाती घेतले. नववा व दहावा खंड १७१२ मध्ये निघाला. शेवटचे दोन खंड त्यांच्या निधनानंतर १७१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१७ फेब्रुवारी, १७१५ रोजी पॅरिस येथे गालाँ यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांच्या इच्छेनुसार हस्तलिखिते शाही ग्रंथालयाला आणि त्यांनी रचलेला नाणेविषयक कोश अकादमीला देण्यात आला. त्यांनी केलेले कुराणाचे भाषांतर छापले गेले नाही. बिदपाई व लुकमान यांच्या नीतिकथांचे त्यांनी तुर्कीवरून केलेले भाषांतर १७२४ मध्ये प्रकाशित झाले. यातील बिदपाईच्या कथा म्हणजे ‘पंचतंत्र’ होय. संस्कृतातून पहलवी, पहलवीतून अरबी ‘कलीला व दिम्ना’, त्यातून फारसी व पुढे तुर्की असा प्रवास करीत त्या गालाँ यांच्यापर्यंत आल्या होत्या.

नंतरचे संशोधन

अल्लाउद्दीनच्या कथेचा अरबी मूळ पाठ एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणाला मिळाला नव्हता. पुढे पॅरिसमध्ये तिच्या दोन अरबी प्रती उजेडात आल्या. प्रारंभी त्या अस्सल मानल्या गेल्या. परंतु इराकी-अमेरिकन विद्वान मुहसिन महदी यांनी त्या प्रती गालाँ यांच्या फ्रेंच मजकुरावरूनच पुन्हा अरबीत केलेल्या आहेत, असे दाखवून दिले. महदी यांनी गालाँ यांच्या जुन्या सीरियन हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावरून हुसेन हद्दावी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये निघाले.

१९९३ मध्ये फ्रेंच अभ्यासक जेरोम लाँतँ यांना व्हॅटिकन ग्रंथालयातील एका अरबी हस्तलिखिताचा लेखक हन्ना दियाब असल्याचे आढळले. सुरुवातीची काही पाने गहाळ असल्यामुळे तोवर हा लेखक अज्ञात राहिला होता. दियाबने ते आत्मवृत्त सुमारे १७६४ मध्ये, म्हणजे पॅरिस सोडल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, अलेप्पोच्या बोलीला जवळ असलेल्या अरबीत लिहिले. त्याचे फ्रेंच भाषांतर २०१५ मध्ये आणि एलियास मुहन्ना यांचे इंग्रजी भाषांतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ल्यूका यांच्यासोबत सायप्रस, इजिप्त, ट्युनिस व इटली या मार्गाने केलेला प्रवास, व्हर्साय येथे चौदाव्या लुईपुढे सादर केलेले लांब पायांचे वाळवंटी उंदीर आणि १७०९ च्या हिवाळ्यातील पॅरिसचा प्राणघातक गारठा यांची वर्णने त्यात आहेत. प्रवासाच्या आरंभी ल्यूका यांनी एका मेंढपाळाला पैसे देऊन भूमिगत थडग्यात उतरवले आणि त्याने आतून एक अंगठी व एक दिवा वर आणला, असा प्रसंगही दियाबने सांगितला आहे. अल्लाउद्दीनच्या कथेतील गुहेशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. ही कथा दियाबने केवळ ऐकून पुढे सांगितली नसावी. तिच्यात त्याची स्वतःची भरही असावी, असे मत यावरून अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

आत्मवृत्तात गालाँ यांचे नाव येत नाही. ‘एक हजार एक रात्री’चे भाषांतर करणारा एक वृद्ध गृहस्थ आपल्याकडे येत असे, त्याला कथा कमी पडत होत्या आणि आपण त्या पुरवल्यावर तो फार संतुष्ट झाला, एवढेच दियाब सांगतो. अशा प्रकारे एकाच्या छापील ग्रंथात दुसऱ्याचे नाव नाही आणि दुसऱ्याच्या आत्मवृत्तात पहिल्याचे नाव नाही. गालाँ यांची रोजनिशी व दियाबचे आत्मवृत्त शेजारी ठेवल्यानंतरच या भेटीचे पूर्ण चित्र मिळते. अलीकडच्या काही आवृत्त्यांत या कथांसाठी दियाबला श्रेय दिलेले आढळते.

भारत व मराठी

‘एक हजार एक रात्री’च्या अरबी पाठाचे पहिले मुद्रण कोलकात्यात झाले. फोर्ट विल्यम कॉलेजच्या आश्रयाने शेख अहमद शिरवानी यांनी संपादित केलेली ही दोनशे रात्रींची आवृत्ती १८१४ ते १८१८ या काळात निघाली. १८३९ ते १८४२ मध्ये तेथेच छापलेल्या दुसऱ्या, संपूर्ण आवृत्तीवरून रिचर्ड बर्टन यांनी आपले इंग्रजी भाषांतर केले. गालाँ यांनी दियाबकडून घेतलेल्या बहुतेक कथा तिच्यातही नव्हत्या. त्या कथा बर्टन यांनी पुरवणी खंडांत घेतल्या आणि त्यांपैकी काहींसाठी त्यांनी एका हिंदुस्तानी अनुवादाचा आधार घेतला. तो अनुवादही गालाँ यांच्याच परंपरेतील होता.

मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने इंग्रजीवरून या कथांचे भाषांतर सुरू केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी ते पुढे नेले. या ग्रंथामुळे ‘सुरस व चमत्कारिक’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी बर्टन यांच्या आवृत्तीचा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. अलेप्पोच्या तरुणाने पॅरिसमध्ये अरबीत सांगितलेल्या आणि गालाँ यांनी फ्रेंचमध्ये लिहिलेल्या कथा अशा रीतीने इंग्रजीमार्गे मराठी वाचकांपर्यंत आल्या.